सहाव्या गाण्याखालचा आवाज

गोंदिया,
१४ सप्टेंबर २०२५

हिमांशू,

तुझा मेल येऊन आठ दिवस झाले. मध्ये तू दोनदा फोनही केलास, मी उचलला नाही. योगूबद्दल फोनवर बोलायला लागले की माझा आवाज नीट राहत नाही, म्हणून लिहिते आहे. राग नाही. तू त्याच्या मातीला आला नाहीस आणि तेराव्यालाही नाही, हे आईच्या लक्षात आहे. मी तो विषय काढत नाही.

परवानगीचा कागद सोबत जोडला आहे. आईची सही शेवटच्या पानावर आहे. नऊ नोव्हेंबरला त्याला जाऊन वर्ष होईल. त्याच दिवशी अल्बम बाहेर काढायचा तुझा विचार आईला सांगितला. ती हो म्हणाली.

अल्बमसोबत छापायला घरच्या माणसाच्या चार ओळी हव्यात, हा अल्बम इतरांपेक्षा वेगळा का आहे ते लिहा, असं तू म्हटलं आहेस. मला असलं लिहिता येत नाही. मी भूमी अभिलेखात शेतांची मोजणी करते. माझं लिहिणं म्हणजे हद्दी, खुणा आणि पंचनामा. तो होता तेव्हा, सख्खा भाऊ असूनही, त्याचं एकही गाणं मी पूर्ण ऐकलं नाही. रॉक म्हटलं की माझं डोकं दुखायचं. आता नऊच्या नऊ ऐकली. ऑफिसातून आल्यावर रोज, हेडफोन लावून.

पहिल्यांदा वाटलं, नऊ निरनिराळ्या बँडची गाणी चुकून एका ठिकाणी आली आहेत. पहिलं चालू राइस मिलमध्ये वाजवलेलं, गिटार इतकी मोठी की कानात पत्रा हलतो. दुसऱ्यात गिटारच नाही. आई सुपानं धान पाखडते आहे आणि त्या तालावर हा जवळजवळ बोलतो आहे. तिसरं बिरसीला, विमानतळाच्या कुंपणाबाहेर. शिकाऊ विमान घिरट्या घालतं, त्याच्या घरघरीच्या सुरात गिटार लावलेली. चौथं दीड मिनिटाचं. पाचवं आठ मिनिटांचं, त्यात नाटकवाले छोटेलालजी पेटी वाजवतात आणि ढोल शेवटच्या मिनिटाला येतो.

बँडवरून तुमचं दोघांचं भांडण माझ्याच खोलीवर झालं होतं. तू म्हणत होतास, एक अल्बम में एक साउंड होना चाहिए, नहीं तो लोग पहचानेंगे कैसे. तो म्हणाला, नऊ गाणी सारखीच करायची तर एकच करू आणि उरलेला वेळ झोपू. तू हसला नाहीस. पुढच्या आठवड्यात पुण्याला गेलास. तरी त्याच्यामागे तू त्याचंच ऐकलंस आणि गाणी वेगवेगळीच ठेवलीस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. वरचं सगळं वेगळं आहे, वेग, वाद्यं, लांबी, कुठे गातो, कुठे नुसता बोलतो. पण प्रत्येक गाण्याखाली कुठलं तरी काम चालू आहे. मिलचा पट्टा फिरतो. आई पाखडते. विमान उडतं. चौथ्यात विडीची पानं कापायची कात्री आहे, पाचव्यात पेटीचा भाता ऐकू येतो. गाणं जिथं सुचलं तिथंच वाजवायचं आणि तिथलं काम थांबवायचं नाही, असा त्याचा नियम होता असं तूच एकदा सांगितलं होतंस. म्हणून नऊ जागांची गाणी असूनही ती एकाच माणसाची वाटतात. हे तुझ्या चार ओळींत बसत असेल तर घे.

सहाव्याबद्दल विचारायचं होतं, 'येऊन राहिलं' या गाण्याबद्दल. त्यात गिटार मागे आहे आणि खाली एक जाड, घुमणारा आवाज सारखा चालू आहे. बाकीच्या आठ गाण्यांत काम कोण करतं ते मला ओळखता आलं. इथं ओळखता येत नाही. तो आवाज कसला, कुठे घेतला, ते जमल्यास लवकर कळव. विशेष काही नाही.

हर्षा


गोंदिया,
१८ सप्टेंबर

हिमांशू,

तुझं उत्तर वाचलं. योगूनं तो आवाज मागच्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर घेतला, एवढंच तुला माहीत आहे. गिटारच्या सुरात बसेना म्हणून तू त्याचा वेग निम्मा केलास आणि चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडलास. आणि 'येऊन राहिलं' हे एखाद्या मुलीबद्दल किंवा आठवणीबद्दल असेल असं तुला वाटलं.

मुलगी असती तर तो 'राहिली' म्हणाला असता. आठवण असती तरी 'राहिली'. माणूस असता तर 'राहिला'. तुझ्या घरी हिंदी बोलतात आणि हिंदीत हे तिसरं लिंग नाही, म्हणून तुला खटकलं नसेल. मला पहिल्याच दिवशी खटकलं. पाळीवर उभा राहून तो म्हणतो, येऊन राहिलं. पाणी येऊन राहिलं, म्हणजे आत येतं आहे. दुसरं काही असू शकत नाही.

विशेष काही नाही असं मी मागच्या वेळी लिहिलं, ते खरं नव्हतं. आता नीट सांगते.

आम्ही कोहळी. आमच्या मागच्या पिढ्यांनी तलाव बांधले आणि राखले. आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, बाबा राखायचे. पावसाळ्याअखेर तलाव भरला की ते पाळीच्या खालच्या अंगाला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खुपसायचे आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावायचे. दर दहा पावलांवर एकदा. पाळ धड असेल तर काही ऐकू येत नाही. आत पाणी वाट करत असेल तर लोखंडातून कळतं. नुसती झिरप असेल तर बारीक सूं असा आवाज येतो, त्याला भ्यायचं नाही. पण पाण्याबरोबर माती चालली असेल तर तिचे कण सब्बलीला लागतात आणि टिकटिक होते. बाबा म्हणत, टिकटिक आली की माणसं बोलवायची. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला हे शिकवलं. योगू तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. बाबा जाऊन सात वर्षं झाली. त्यानंतर गावात कोणी सब्बल लावत नाही.

योगूनं तीच सब्बल घेतली आणि कानाच्या जागी माईक चिकटवला. हे तू लिहिलं नाहीस, तुला माहीतही नसेल. मला गाण्यावरून कळलं. लोखंडातून आलेला आवाज मी ओळखते. त्याला सहाव्या गाण्याला असा आवाज हवा होता जो आधीच्या पाचांत नाही. तो त्याला मिळाला.

तू पाठवलेल्या गाण्यात टिकटिक नाही, नुसतं घुमणं आहे. पण वेग निम्मा केल्यावर टिकटिकीचं काय होतं, हे मला सांगता येत नाही. म्हणून मूळ फाइल पाठव. काही न कापता आणि काही न लावता.

तलाव यंदा आताच काठोकाठ आहे. जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या सलंगावरून आठ दिवस पाणी वाहतं आहे. पाळ पाऊण किलोमीटर लांब आहे. तिच्या पायथ्याशी चाळीस घरांचा टोला आहे आणि पाळीकडून मोजलं तर आमचं घर पहिलं. आई तिथं एकटी असते. गोंदियात पाऊस लागला की मी तिला फोन करते, औषध घेतलं का, भाजी काय केली असं विचारते, आणि ती बोलत असताना मागचे आवाज ऐकते.

फाइल लवकर पाठव.

हर्षा


गाव,
२४ सप्टेंबर

हिमांशू,

फाइल रविवारी मिळाली. सोमवारपासून रजेवर आहे. दोन दिवस लिहायला जमलं नाही.

दोन मिनिटं अठरा सेकंद. सुरुवातीला योगू म्हणतो, "सलंगापासून तीनशे बारा. सब्बल हातभर आत." मग नुसता आवाज. चाळीस सेकंदांनी तो म्हणतो, "ताई, येऊन राहिलं." थोड्या वेळानं पुन्हा, हळू, "येऊन राहिलं." तू 'ताई' कापलंस. तालात बसत नव्हतं, मला समजतं.

टिकटिक आहे. मी घड्याळ लावून मोजली, सेकंदाला चार-पाच. आणि हा मागच्या वर्षीचा आवाज आहे. त्यानंतर तलाव उन्हाळ्यात उतरला आणि पुन्हा भरला.

सोमवारी गावी आले. बिसरामकाकांना सोबत घेतलं. ते बाबांच्या वेळेपासून पाळीवर माती टाकत आले आहेत. सलंगापासून तीनशे बारा पावलं चालले. योगू आणि मी एका उंचीचे, म्हणून माझीच पावलं धरली, वर टेपनं ताळा केला. हनुमानाच्या पाराजवळ येतं. सब्बल लावली. काही नाही. मागेपुढे पन्नास पावलं लावून पाहिली. काही नाही.

तोवर टिकाराम काका आले. पाणीवाटप त्यांच्याकडे आहे. त्यांनी टेप पाहिली आणि बिसरामकाकांना विचारलं, "मोजणीवाली बाई पाळ कोणाच्या नावावर चढवून राहिली?" चार माणसं हसली. तालुक्याच्या अभियंतासाहेबांना मी आदल्या दिवशी फोन केला होता. ते दुपारी येऊन गेले. चांगले गृहस्थ आहेत. पाळ मे महिन्यात तपासली आहे, तरी लेखी अर्ज द्या, दसऱ्यानंतर माणूस पाठवतो, असं म्हणाले. मी अर्ज दिला. खरं सांगते, मला बरं वाटलं. ऐकण्यात चूक झाली असेल, माईकचा दोष असेल असं मनाशी म्हटलं आणि घरी येऊन जेवायला बसले.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. पण टोल्यात गोष्ट फिरायला किती वेळ लागतो. भात वाढताना तिनं विचारलं, तीनशे बारा कुठून मोजलं? म्हटलं, सलंगापासून.

"कोणत्या?"

म्हटलं, सलंग एकच आहे. ती म्हणाली, "तुझा बाप नव्या सलंगाले सलंग म्हणतच नोहता. सिमेंट म्हणे."

योगू जन्मला त्या वर्षी सिमेंटचं सलंग झालं आणि दुसऱ्या टोकाचं दगडाचं सलंग बुजवलं. तिथं आता बेशरमीची झुडपं आहेत. गावात आज कोणीही सलंग म्हटलं तर सिमेंटचंच समजेल. मीसुद्धा तेच समजले, कागदावर तेच आहे. पण योगू लहानपणी बाबांच्या मागे फिरला तो त्यांच्या मोजणीनं. बाबांची मोजणी शेवटपर्यंत जुन्या सलंगापासून होती.

जेवण तसंच ठेवून, बिसरामकाकांना हाक मारून निघालो. पाऊस होता. जुन्या सलंगापासून तीनशे बारा पावलं म्हणजे आमच्या गुरांच्या कोठ्याच्या बरोबर मागे. बिसरामकाकांनी सब्बल घातली. हातभर नाही, दीड हात गेली, लोण्यात गेल्यासारखी. कान लावायच्या आधीच हाताला कळलं. मोजता येण्यासारखी टिकटिक नव्हती. कढईत मोहरी टाकल्यावर होतो तसा आवाज होता.

मी बाजूला झाले. बिसरामकाकांनी कान लावला. ते उठले, कोठ्यात गेले आणि आईचे दोन्ही बैल सोडून वर गावाकडे हाकलले.

हर्षा


गाव,
२८ सप्टेंबर

हिमांशू,

काल तुला फोन केला तो घाईत होता. तू विचारत होतास, दीदी, मैं आ जाऊँ क्या, आणि मी फोन ठेवला. तुला तोडायचं नव्हतं. त्या वेळी शाळेत माणसं जमत होती.

मधले तीन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. पाळीच्या पायथ्याला ओल दिसते, पण पाऊस थांबत नाही. सगळीकडेच ओल आणि सगळंच पाणी गढूळ. तिथलं पाणी पाळीतलं की पावसाचं, हे कोणाला पटवून देता येत नाही. अभियंतासाहेबांनी वाळूची पोती पाठवली. आईला मामाकडे जा म्हटलं. ती म्हणाली, टोल्यातल्या सगळ्यांना मामा आहेत का? मी दिवसातून पाच वेळा सब्बल लावते.

उपाय एकच होता, तुडुम उघडणं. तुमच्या बँडचं नाव तुडुम, पुण्यात लोकांना तो ढोलाचा आवाज वाटत असेल. आमच्याकडे तलावातून शेतांना पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम. दगडी पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला भोक, भोकात लाकडी बूच. वरची दोन बुचं काढली की पाणी दोन पायऱ्या उतरतं आणि पाळीवरचा भार कमी होतो. पण सोडलेलं पाणी गेलं ते गेलं. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला ऑक्टोबरात एक पाणी लागतं. टिकाराम काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन पायऱ्या म्हणजे खालच्या साठ एकरांचं शेवटचं पाणी. मासेमारीवाल्यांचंही नुकसान होतं.

काल शाळेत ग्रामसभा झाली. मी मूळ फाइल घेऊन गेले. डीजेवाल्या मोनूनं त्याचा स्पीकर दिला. लावल्यावर त्यानं मला विचारलं, ताई, बेस वाढवू का? स्पीकरवर तो आवाज भजी तळल्यासारखा येत होता. लोक आधी एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग हसायला लागले. मागून कोणी तरी म्हणालं, "त्याच्या तिसऱ्या गाण्यात इमान हाये म्हणते. तेही आपल्यावर पडून राहिलं का?" सगळी शाळा हसली. मलाही त्याचं वाईट वाटलं नाही. योगू असता तर तोच पहिला हसला असता.

टिकाराम काका उभे राहिले. "हर्षा, तू शिकली-सवरली. गाणं ऐकून पाणी सोडाचं का? कायले भेवाडून राहिली लोकायले?"

मला सभेत बोलता येत नाही. मोजणीच्या वेळी दोन भाऊ भांडायला लागले तरी मी कागदाकडे बघून बोलते. पण त्या वेळी कागद नव्हता. मी त्यांना सांगितलं ते तुलाही सांगायला हवं. तुला लिहिलेल्या तिन्ही पत्रांत मी ते टाळलं.

मागच्या दिवाळीत तो हा आवाज घेऊन माझ्याकडे आला होता. इथंच, घरी. मी एक नकाशा तपासत होते, पाडव्यानंतर तो जमा करायचा होता. त्यानं मागून येऊन माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. म्हणाला, ताई, ऐक ना जरा. मी काही क्षण ऐकलं असेल. हात कामावर, डोळे कामावर. म्हटलं, छान आहे. तो म्हणाला, "छान नाही ताई, ऐक." मी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, नंतर. बाबांचा कान माझ्याकडे आला आहे असं तो लहानपणापासून सगळ्यांना सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. सालेकसाच्या जंगलातून सातवं गाणं घेऊन आला होता, तिकडचाच मलेरिया. पाच दिवस दवाखान्यात होता. शेवटी शेवटी त्याला कोणी ओळखू येत नव्हतं.

एवढं सांगून मी खाली बसले. मला वाटलं, आता सभा मोडते.

टिकाराम काका उभेच होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझ्याकडेही आला होता तो. ते डब्बं कानाले लावून दे म्हणे. मी म्हटलो, धान कापून झाल्यावर येजो."

मग त्यांनी पंचा कमरेला बांधला. तुडुमावर पहिलं बूच काढायला पाण्यात तेच उतरले. बूच फुगून बसलं होतं. तीन माणसांनी मिळून काढलं तेव्हा आतून असा आवाज आला की मी किंचाळले. ते पाणी सुटल्याचा आवाज होता. मला दुसरंच वाटलं.

त्या साठ एकरांत टिकाराम काकांचं स्वतःचं शेत सगळ्यात खाली आहे.

हर्षा


पाळीवरून,
५ ऑक्टोबर

हिमांशू,

शुक्रवारी पाणी दुसऱ्या पायरीखाली गेलं आणि आतलं तोंड उघडं पडलं. खेकड्यांची बिळं एकमेकांना मिळून झालेलं भोक. बिसरामकाकांनी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. मग बांबू घातला, तो किती गेला ते मी टेपनं मोजलं आणि पाळीच्या रुंदीतून वजा केलं. आमच्या कोठ्याकडच्या बाजूला दोन हात माती उरली होती. मी आकडा तिथं मोठ्यानं सांगितला नाही. टिकाराम काकांनी टेपवर वाचला.

शुक्रवार आणि शनिवार सगळं गाव चिखल तुडवत होतं. चिकणमाती तुडवून तिचे गोळे भोकात ठासले, वरून मुरूम टाकला. अभियंतासाहेब स्वतः आले होते, चप्पल काढून कामाला लागले. काल संध्याकाळी मी सब्बल लावली आणि बराच वेळ कान काढला नाही. काही ऐकू आलं नाही. आईनं बैल परत आणून बांधले. आज ती टोल्यात सगळ्यांकडे दूध पाठवते आहे, का ते विचारलं तर सांगत नाही.

तू परवा विचारलंस, सहाव्या गाण्याचं काय करायचं. आवाज मूळ वेगात आणायचा का, 'ताई' परत जोडायचं का. नको. गाणं तू केलंस तसंच राहू दे. निम्म्या वेगात ते घुमतं, लोकांना ऐकवेल. मूळ वेगातला आवाज गाणं म्हणून ऐकण्यासाठी नाही. तुमच्या भांडणातही आता मला दोघांचं पटतं. प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज हवा हे त्याचं खरं. पण तो आवाज गाण्यात बसवायला तुझ्यासारखा माणूस लागतो, हेही खरं. तो एकटा असता तर नऊ ठिकाणचे नुसते आवाजच राहिले असते. छापायच्या चार ओळींत हे घाल. त्याला आवडलं नसतं, पण त्यानं ते खोटं म्हटलं नसतं.

हे सगळं मी तुला उद्या सावकाश लिहिणार होते. आज सकाळी तू फोनवर जे म्हणालास त्यामुळे आत्ताच लिहिते आहे. तू सहज म्हणालास, "दीदी, वैसी सात फाइलें और पड़ी हैं, पाल की ही. सब एक जैसी लगीं, इसलिए एक ही ली." मी हं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

योगूनं दोन गाणी सारखी केली नाहीत. एकच आवाज त्यानं आठ वेळा घेतला नसता. तुला ते सारखे वाटले असतील, मलाही दिवाळीत वाटले असते. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला त्यानं आकडा सांगितला असणार. नसेल झिरपीपेक्षा जास्त काही. असेलही. तलावात अजून तीन पायऱ्या पाणी आहे आणि पूर्वेकडे पुन्हा आभाळ भरून आलं आहे.

सातही आकडे आत्ता मेसेजनं पाठव. आवाज मागाहून आले तरी चालतील. मी जुन्या सलंगापाशी उभी आहे. टेपचं दुसरं टोक बिसरामकाकांच्या हातात आहे आणि टिकाराम काका सब्बल घेऊन येत आहेत.

हर्षा